काकांचा १९८१चा अॅम्प्लिफायर: मागच्या जोडण्या आणि पॉवरचे पार्ट बदलायचेत, सुरुवात कुठून करू?

पडवीतला_वेंगुर्लेकर

नमस्कार मंडळी. मोठे काका १९८१ साली कुवेतहून आले तेव्हा त्यांनी एक जपानी स्टिरिओ अॅम्प्लिफायर आणला होता. चॅनलला ४५ वॅट, पुढे काटेवाले दोन मीटर, वर लाकडी खोका. तो नुसता बघायला शेजारच्या वाडीतली माणसं यायची. काका गेले. गेल्या मे महिन्यात काकी म्हणाली, "ने रे बाबा तुझ्याकडे, माझ्याच्यान आता धूळ पुसवत नाही." तेव्हापासून माझ्याकडे आहे.

आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. दाराची लोखंडी कडी दोन पावसाळ्यांत सालपटते, मग अॅम्प्लिफायरचं काय सांगू!

१) डावा स्पीकर मधेच बसतो. आवाज जरा मोठा केला की कट्ट होऊन परत येतो.
२) दोन्ही स्पीकरांत घूंऽऽ. आवाज शून्यावर आणला तरी तेवढंच.
३) मागच्या स्प्रिंगच्या क्लिपांपैकी दोन मोडल्यात. एकीत काकांनी आगपेटीची काडी खोचून वायर अडकवलीय. तांब्यावर हिरवा कळंक.
४) मेनची वायर दोन तारांची, अर्थ नाही. हवा दमट असली की पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात.

पुण्याचा एक मित्र म्हणतो, बारा हजारांची जाड पॉवर केबल घे, सोन्याचा मुलामा दिलेली सॉकेटं बसव आणि २२,००० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर घाल, आवाज उघडेल. माझं बजेट सगळं मिळून सात हजार. गणपतीला मुंबईची मंडळी यायच्या आत वाजायला हवा. सोल्डरिंग येतं मला, पंपांच्या मोटरी भरतो मी.

---

सिरीज_बल्ब

मोटरी भरता म्हणजे मेगर, इन्सुलेशन तपासायचं मीटर, असणारच तुमच्याकडे. मग पुण्याच्या मित्राला चहा पाजा आणि केबलचं विसरा. खांबापासून तुमच्या बोर्डापर्यंत साधीच तार आलीय, शेवटच्या दीड मीटरने काय चमत्कार होणार?

मुंग्यांचं आधी बघा. त्या काळच्या सेटांत बऱ्याचदा मेनची तार आणि पत्रा यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर असतो. तो जुना, कागदी असेल तर ओल धरतो. प्लग काढून मेगर लावा, आकडा लगेच बोलेल. तिथे मेनसाठीच बनवलेला, वाय-टू या सुरक्षा वर्गाचाच कपॅसिटर हवा, मेनच्या दोन तारांमध्ये असेल तर एक्स-टू. साधा सिरॅमिक ठोकू नका. शॉर्ट झाला तर सगळा पत्रा फेजवर. मग तीन तारांची केबल घाला, अर्थ पत्र्याला नटबोल्टने, रंग खरवडून.

शून्यावरही राहणारं घूं म्हणजे बहुतेक फिल्टर कपॅसिटर, डीसी सपाट करणारे मोठे डबे, सुकलेत. आपली लाइन ५० हर्ट्झची, एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायरनंतर ती १०० होते, म्हणून त्यात किंचित करकर असते. आवाजाच्या बटणाबरोबर कमीजास्त झालं असतं तर मी आधी जोडण्यांकडे बघितलं असतं. कपॅसिटरवर काय लिहिलंय ते कळवा. मूळ ६,८०० असेल तर ६,८०० किंवा १०,००० घाला, १०५ डिग्रीवाले. २२,००० घातलेत तर चालू करताना जो करंट ओढला जातो तो चाळीस वर्षांच्या बिचाऱ्या डायोडना आणि स्विचला सोसावा लागेल. आणि मागे व्होल्टेजचा सिलेक्टर असेल तो कितीवर आहे ते बघा.

नवे पार्ट घालून पहिल्यांदा चालू कराल तेव्हा मेनच्या तारेत १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये हवाच. तारेचा बल्ब, एलईडी नव्हे. क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटत राहिला तर बंद करून सोल्डर तपासा.

---

ट्रॉलर_वायरमन

मी मालवणात होड्यांवरचं वायरिंग करतो, वायरलेस, फिश फाइंडर वगैरे. अॅम्प्लिफायरातलं वरच्या भाऊंना जास्त कळतं, मी मिठाचं सांगतो.

सोन्याचा मुलामा पितळेवर असतो आणि स्वस्त मालात तो इतका पातळ की त्याला डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात. खारी हवा तिथून आत शिरते, वर सोनं चकाकतं आणि खाली हिरवं होतं. सोन्याचा पाणी चार दिवसाचा, मीठ कोणाक सोडणा नाय! त्यापेक्षा घट्ट बसणारं जाड सॉकेट घ्या.

स्पीकरला उघड्या तांब्याची वायर नको, कथिल चढवलेली घ्या, रुपेरी दिसते ती. मी होडीवर दुसरी वापरतच नाही. टोकाला फेरूल, म्हणजे धातूची छोटी नळी, दाबा. टोकाला सोल्डर करून स्क्रूखाली आवळलीत तर सोल्डर दाबाने हळूहळू पसरतं आणि वर्षभरात स्क्रू सैल. तोंडावर आत गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आवळून बसणारी नळी.

आणि अर्थिंगचा खड्डा बघा. आपला जांभा एप्रिल-मे मध्ये ठणठणीत कोरडा पडतो, अर्थ नावाला उरतो. बादलीभर पाणी ओतत जा.

---

पडवीतला_वेंगुर्लेकर

काल रात्री खोका उघडला. आत दोन मेलेल्या पाली आणि मुंग्यांचं वारूळ. मेगरवर मेनची तार आणि पत्रा यांच्यात जेमतेम अर्धा मेगओहम! तो कागदी कपॅसिटर उपसला आणि काटा शंभरच्या वर. आमच्याकडे रात्री ११ नंतर लाइन २५२ व्होल्ट येते, म्हणजे अर्धा मिलीअँपिअर. मुंग्या येणारच.

फिल्टर ६,८०० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचे, बुडाला तपकिरी चिकटा. सिलेक्टर २२० वर. २२० ला फिल्टरवर ३८ व्होल्ट हवेत असं छापलंय, माझ्याकडे रात्री ४३.५ भरले.

---

सिरीज_बल्ब

सिलेक्टर २४० वर करा, आत्ताच्या आत्ता. त्याच लाइनला ४० च्या आत येतील. कपॅसिटर ६३ व्होल्टचे घ्या आणि उंची मोजून घ्या, नाहीतर झाकण बसणार नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात कोणी जात असेल तर मागवा, पण मीटर लावून आणि वजन हातात तोलून घ्यायला सांगा. बाजारात मोठ्या डब्यात छोटा डबा घातलेला माल असतो.

जुने काढण्याआधी ४७० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टन्स टोकांना लावून २० सेकंद धरा. इन्सुलेटेड क्लिपने धरा, बोटांनी नव्हे. मग मीटरने शून्य बघूनच पुढे.

---

जसंच्या_तसं

मागच्या पत्र्याला भोकं पाडू नका एवढंच सांगतो. स्प्रिंगच्या क्लिपांची अख्खी पट्टी निघते, तेवढ्याच मापाची अॅक्रेलिकची पट्टी कापून तिच्यावर नवे स्क्रूचे टर्मिनल बसवा. काकांची पट्टी डब्यात ठेवून द्या.

डावा बसतो तो रिलेमुळे, म्हणजे आतून स्पीकर जोडणाऱ्या आपोआप चालणाऱ्या स्विचमुळे. आवाज वाढवला की करंट कॉन्टॅक्टवरचा थर फोडतो, म्हणून परत येतो. पॉलिश पेपर मारू नका, चांदीचा मुलामा जाईल. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची पट्टी कॉन्टॅक्ट क्लीनरमध्ये भिजवून रिलेच्या दोन कॉन्टॅक्टमधून ओढा. काळी निघेल. तरीही बसला तर रिलेच बदला, कॉइलचे व्होल्ट आणि पिना जुळवून.

---

पडवीतला_वेंगुर्लेकर

बारा दिवसांनी लिहितोय, भात लावणीत अडकलो होतो.

रिले कागदाने साफ केला, तीन दिवसांत परत बसला. नवा घातला, १४० रुपये. फिल्टर ६,८००, ६३ व्होल्ट. सिरीजचा बल्ब गोठ्यातून काढला. पहिल्या वेळी लख्ख पेटला आणि पोटात गोळा आला. बघतो तर एका कपॅसिटरच्या पायाजवळ सोल्डरचा थेंब शेजारच्या पट्टीला चिकटलेला. खरवडला, मग पेटून मंद झाला. स्पीकरच्या टोकांवर डीसी (जवळपास शून्यच हवा): डावीकडे १२ मिलीव्होल्ट, उजवीकडे १९. अॅक्रेलिकची पट्टी काळ्या रंगाची कापली, कुणाला कळत नाही. केबल साधी तीन तारांची, माझ्याच दुकानातली. सगळं मिळून ३,१०० रुपये.

मुंग्या गेल्या, करकरही गेली. पण आता वेगळंच, खालच्या पट्टीतलं घूं येतं, आवाज वाढवला की वाढतं. सेटटॉप बॉक्सची वायर मागून काढली की एकदम चिडीचूप. अर्थची पिन कापून बघू का?

---

ट्रॉलर_वायरमन

मुळीच नाही! आधी अर्थ नव्हता म्हणून हे दिसत नव्हतं. आता डिशच्या केबलमधून एक अर्थ आणि तुमच्या पिनेतून दुसरा, असा वेढा झालाय. बॉक्स आणि अॅम्प्लिफायर यांच्यामधल्या ऑडिओच्या वायरीत आयसोलेशनचा छोटा ट्रान्सफॉर्मर घाला, तयार डबी मिळते. तोवर आरतीच्या वेळी बॉक्सची वायर काढून ठेवा. आणि वीज कडाडायला लागली की डिशची केबल आणि मेनचा प्लग, दोन्ही उपसा.