सांडपाण्याच्या गाळाचे खत गच्चीवरील भाजीला चालेल का?

भांडुपकर: वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर येथील नव्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांविषयी वाचले. गाळापासून वीज मिळते हे समजले. परंतु उरलेला गाळ गच्चीवरील मेथीला खत म्हणून घालणे सुरक्षित ठरेल काय?

निवृत्त अभियंता: गाळ हवाबंद टाकीत सुमारे ३५ अंश सेल्सिअसला १५ ते २० दिवस ठेवला असता जिवाणू त्यातील सेंद्रिय द्रव्य कुजवतात आणि साधारण ६० ते ६५ टक्के मिथेन असलेला वायू मिळतो, ज्यावर इंजिन चालवून केंद्राची विजेची थोडीफार गरज भागते. मात्र एवढ्या उष्णतेने जंतांची सगळी अंडी मरत नाहीत. त्यासाठी काही ठिकाणी गाळ आधी दाबाखाली सुमारे १६० अंशांवर शिजवतात. आपल्या प्रेशर कुकरचा थोरला भाऊच म्हणा.

मातीवाली: जंतू मेले तरी शिसे आणि कॅडमियम उरतातच, कारण धातू कुजत नाहीत. कारखान्यांचे पाणी घरगुती सांडपाण्यात मिसळू न देणे, हाच त्यावरचा खरा उपाय आहे.

भांडुपकर: मग धातूंचा तपासणी अहवाल पाहिल्याशिवाय मेथीला नकोच, तोवर जास्वंदीपुरते ठेवतो.