एडवर्ड बेकर: सिनेटर राहून कर्नल कसे?

बखरवाचक:
अमेरिकन यादवीत व्हर्जिनियातल्या बॉल्स ब्लफच्या लढाईत उत्तरेच्या बाजूने लढताना पडलेल्या एडवर्ड बेकरबद्दल विचारायचं आहे. इलिनॉयमध्ये वकिली, लिंकनशी घट्ट मैत्री (लिंकनने दुसऱ्या मुलाचं नाव यांच्यावरूनच ठेवलं), १८६० मध्ये ऑरेगनमधून सिनेटवर निवड. संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदाच्या सहाव्या विभागानुसार संघराज्याचं पद आणि सभागृहाचं सदस्यत्व एकत्र चालत नाही. मग यांचं कसं चाललं? आणि त्या पराभवात दोष कुणाचा?

कलमदान:
कायद्याच्या दृष्टीने जागा निसरडीच होती. मेक्सिको युद्धात चौथ्या इलिनॉय रेजिमेंटचे कर्नल असताना त्यांनी प्रतिनिधिगृहाचा राजीनामा दिला होता. १८६१ मध्ये मात्र ब्रिगेडियर जनरलपद नाकारलं, कारण ते घेतलं तर सिनेट सुटली असती. स्वयंसेवक रेजिमेंटचं कर्नलपद तेवढं ठेवलं. सप्टेंबरात मेजर जनरलपद देऊ केलं गेलं. ते ना स्वीकारलं ना नाकारलं, आणि महिन्याभरात मृत्यू आला. सभागृहातही कुणी अडवलं नाही. १ ऑगस्टला ते कर्नलच्या गणवेशात आले आणि केंटकीचे सिनेटर ब्रेकिनरिज यांना तिथेच उत्तर दिलं. कॅन्ससचे सिनेटर लेन यांच्याबाबत हाच वाद पेटला, तेव्हा जानेवारी १८६२ मध्ये सिनेटने त्यांची जागा कायम ठेवली.

नदीकाठ:
दोषाचं बोलायचं तर सुरुवात बेकरची नव्हती. २० ऑक्टोबरच्या रात्री टेहळणी तुकडीला झाडांची रांग शत्रूचे तंबू वाटली, आणि त्या 'छावणी'वर छापा घालायला माणसं पोटोमॅक नदीपार गेली. वरिष्ठ अधिकारी जनरल स्टोन यांनी बेकरना मोकळीक दिली होती: कुमक न्या किंवा पलीकडची तुकडी मागे घ्या. बेकरनी आधी कुमक ठरवली, होड्या नंतर मोजल्या. नदीतल्या हॅरिसन बेटावरून व्हर्जिनियाच्या काठाला नेणाऱ्या होड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, म्हणून वेळेत फार माणसं पोचणं शक्यच नव्हतं. त्यात बेकर स्वतः कालव्यातली होडी नदीत आणायच्या खटपटीत गुंतले आणि दुपारी दोनच्या सुमारास पलीकडे पोचले.

मांडणी तर याहून घातक. समोर मोकळं रान, त्यापलीकडे झाडी, पाठीशी सुमारे शंभर फुटांचा कडा आणि खाली नदी. डावीकडचा उंचवटा मोकळा सोडू नका, असं कर्नल कॉग्सवेलनी आल्याआल्या सांगितलं होतं. दोन्ही बाजूंना साधारण सतराशे माणसं, म्हणजे संख्येने हरले नाहीत. माघारीची वाट नव्हती म्हणून हरले. बेकर पडल्यावर लोक कड्यावरून घसरत खाली आले, गच्च भरलेली होडी उलटली, कित्येक बुडाले आणि पाचशेहून जास्त पकडले गेले.

बखरवाचक:
आभार दोघांचेही. स्टोनचं पुढे काय झालं?

कलमदान:
डिसेंबरात काँग्रेसने युद्धसंचालनावर संयुक्त समिती नेमली. बेकर हे लढाईत पडलेले एकमेव विद्यमान सिनेटर, त्यामुळे सहकाऱ्याला दोष द्यायला कुणी धजेना आणि सगळा रोख स्टोनवर वळला. फेब्रुवारी १८६२ मध्ये अटक आणि १८९ दिवस कैद. आरोपपत्र कधीच दाखल झालं नाही.