शिंकांवर सुया घ्याव्यात, पण इन्हेलर सोडून नव्हे

इंदूरच्या ताईंनी विचारले आहे की, पावसाळा सरताना सुरू होणाऱ्या शिंकांवर ॲक्युपंक्चर, म्हणजे सुया टोचण्याचा चिनी उपचार, घ्यावा का. त्यावर दम्याचा इन्हेलर बंद करूनच तो घ्यावा, असा सल्ला त्यांना कोणीतरी दिला आहे, आणि त्याला माझा ठाम विरोध आहे, कारण दम्याचा झटका सुया थोपवू शकत नाहीत.

चिनी वैद्यक या शिंकांचे मूळ, शरीराचे बाहेरून रक्षण करणारी ‘वेई ची’ ही शक्ती क्षीण होण्यात पाहते. माझ्या वहिनींनी ॲक्युपंक्चर घेतले. नाकपुडीच्या कडेला आणि अंगठा व तर्जनी यांच्या बेचक्यात केसासारख्या बारीक सुया टोचून त्यांना काही वेळ निजवून ठेवत, आणि उठल्यावर त्यांचे नाक मोकळे झालेले असे. तरीही बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाच्या पुढाकाराने झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ४२२ रुग्णांच्या चाचणीत ८ आठवड्यांनी दिसलेला थोडा जास्तीचा आराम १६ आठवड्यांनी उरला नव्हता, हे ध्यानात घ्यावे.

चिनी वनस्पतींच्या औषधांबाबत मी अधिक सावध राहीन. १९९० च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत एका वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकिक आम्ल असलेली दुसरीच वनस्पती गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली.

ताईंनी आधी त्वचेवरची चाचणी करून गाजरगवताचे परागकण कारणीभूत आहेत का, हे पाहावे. मग चालू औषधांसोबत, एकदाच वापरायच्या निर्जंतुक सुया वापरणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीकडे अवश्य जावे.