जोडी फुटली की चारचौघांत किती बोलावं?

डिमरवाला
पंधरा वर्षं नाटकांची प्रकाशयोजना करतोय. आमच्या एका संचातला लेखक आणि दिग्दर्शक गेल्या महिन्यात फुटले. फुटले तेही रात्री साडेअकराला, फेसबुकवर. सकाळपर्यंत दोघांकडेही प्रतिक्रियांची जत्रा. पुढच्या दोन प्रयोगांच्या तारखा घेतलेल्या, नाट्यगृहाचं भाडं भरलेलं. ते गेलं. बॅकस्टेजच्या आम्हा पाच जणांची मागच्या तीन प्रयोगांची नाईट (प्रयोगाचं मानधन) अडकली आहे, कारण ‘हिशेब त्याच्याकडे’ असं दोघंही म्हणतात.

माझं मत असं, की का फुटलात ते आम्हाला सांगूच नका. पैसे कोणाकडे, संहिता कोणाची, ठरलेले प्रयोग होणार की नाही, एवढं चार ओळीत लिहा आणि गप्प बसा. सलीम-जावेद बघा. ‘जंजीर’, ‘दीवार’, ‘शोले’ लिहून ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला वेगळे झाले. त्यानंतर आलेल्या ‘मिस्टर इंडिया’वर (१९८७) नाव दोघांचंच. २०१३ मध्ये ‘जंजीर’चा रिमेक निघाला तेव्हा संहितेच्या हक्कासाठी दोघं मिळून कोर्टात गेले. मनं जुळोत न जुळोत, दोघांनी लिहिलेलं ते दोघांचं. धंद्याची रीत म्हणतात ती ही.

तिसरी घंटा
उदाहरण सोयीचं निवडलंत. ‘जंजीर’च्या पोस्टरांवर रंगाऱ्याकडून स्वतःची नावं रंगवून घेतलेली माणसं ती. दोघांचंही नाव सारखंच मोठं, त्यांना गप्प बसणं परवडत होतं. एक नाव मोठं आणि दुसरं लहान असेल, तिथे गप्प बसलं की मोठ्याचंच खरं होतं.

मी एका एकांकिकेची सहलेखिका होते. दुसऱ्या लेखकापासून वेगळी झाले, मोठेपणा दाखवून काही बोलले नाही. सहा महिन्यांनी त्या एकांकिकेचं दोन अंकी नाटक झालं, जाहिरातीत माझं नाव नाही. त्याला विचारलं तर म्हणे, ‘तूच सोडून गेलीस ना?’ शेवटी मी पोस्ट टाकली, तेव्हा कुठे नाव आलं. तेही ‘विशेष आभार’मध्ये. पोर माझं आणि बारशाला मी पाहुणी!

रंकाळा
घंटाताईंशी सहमत. ‘प्रभात’ फिल्म कंपनी १९२९ मध्ये आमच्या कोल्हापुरात पाच भागीदारांनी काढली, १९३३ मध्ये पुण्याला नेली (ते आम्ही अजून विसरलेलो नाही). १९४२ मध्ये त्यांच्यातले शांतारामबापू (व्ही. शांताराम) बाहेर पडले, स्वतःचं ‘राजकमल’ काढलं. पुढे आत्मचरित्रात त्यांनी आपली बाजू मांडली. दुसरे भागीदार विष्णुपंत दामले १९४५ मध्येच गेले. ते वाचून ‘असं नव्हतं हो’ म्हणायला ते होतेच कुठे? जो जास्त जगतो त्याची बखर होते. तेव्हा बोलायचं ते वेळेवर बोलावं.

फक्कड
टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमातले कपिल शर्मा आणि सुनील ग्रोवर. मार्च २०१७, मेलबर्नहून येणाऱ्या विमानात भांडण. एकाची माफी ट्विटरवर, दुसऱ्याचं उत्तरही ट्विटरवर. त्याच वर्षी कार्यक्रम बंद पडला. २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर दोघं पुन्हा एकत्र, आणि त्याच विमानावर स्वतःच विनोद करतायत. मी मात्र सुनीलच्या बाजूने भांडून मेव्हण्याशी दीड वर्ष अबोला धरला होता. आता तोंड कसं दाखवू?

विंगेतून
भांडणं होणारच हो. मोडायचं कसं, ते आधी ठरलंय का, एवढाच प्रश्न आहे. ‘घाशीराम कोतवाल’ घ्या. पुण्यात पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) या नाट्यसंस्थेने पहिला प्रयोग केला १६ डिसेंबर १९७२ ला. १९ प्रयोगांनंतर संस्थेचे अध्यक्ष भालबा केळकर यांनी ते थांबवलं. वाद काही झाकलेला नव्हता. जब्बार पटेल, मोहन आगाशे, सतीश आळेकर ही मंडळी बाहेर पडली, १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी काढली आणि जानेवारी १९७४ मध्ये नाटक पुन्हा उभं केलं. १९८० मध्ये युरोपात नेलं. जुनी पाटी हिसकावून नेली नाही, स्वतःची नवी लावली. हे जमलं कारण ती रीतसर संस्था होती. अध्यक्ष होता, थांबवायचा अधिकार कोणाचा ते माहीत होतं, बाहेर पडायला दार होतं. डिमरवाले, तुमच्या संचाची नोंदणी तरी आहे का? की ‘आपण सगळे घरचेच’?

डिमरवाला
घरचेच. पैसे एकाच्या खात्यात, वही दुसऱ्याकडे.

तिसरी घंटा, तुमच्या बाबतीत माझं चुकलं. नाव गाळलं तर बोललंच पाहिजे. पण तुम्ही नावापुरतं बोललात, त्याच्या स्वभावावर गेला नाहीत. माझंही म्हणणं तेवढंच आहे.

तिसरी घंटा
नाही, तेवढंच नाही. तो तालमीत नवीन मुलींना सगळ्यांसमोर रडवायचा. मी ते लिहिलं नाही. म्हटलं, आपण नावाचं बोलू, बाकी कशाला उकरा. पुढच्या वर्षी त्याच्या संचातल्या एका मुलीचा फोन आला. म्हणाली, ‘ताई, तुम्हाला माहीत होतं ना?’ त्या फोनवर मी काय बोलले ते मला आठवतही नाही.

विंगेतून
हे मात्र पोस्टचंही काम नाही आणि गप्प बसण्याचंही. संस्थेत तक्रार घ्यायला कोणी तरी हवं.

तिसरी घंटा
आणि संस्थाच त्याची असेल तर?

डिमरवाला
तिथे माझा चार ओळींचा नियम चालणार नाही, मान्य. आमच्याकडे तसलं काही नव्हतं, जाहिरातीत कोणाचं नाव वर यावरून सगळं झालं. दुपारी लेखकाने पोस्ट काढून टाकली. दिग्दर्शकाने तिचा स्क्रीनशॉट टाकला. नाईट अजून आलेली नाही.