बक्षीसपत्र की मृत्युपत्र? मुलगा म्हणतो 200 रुपयांत काम होतंय

अर्थिंगवाले काका
नमस्कार. वय 74, वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त. साताऱ्यात सोसायटीत दोन खोल्या-स्वयंपाकघर, एवढीच इस्टेट. खरेदीखतावर माझं आणि हिचं, दोघांची नावं. ही 2021 मध्ये गेली. मुलगा पुण्यात, मुलगी कराडला दिलेली.

दिवाळीत मुलगा लॅपटॉप उघडून बसला. "दादा, फ्लॅट बक्षीसपत्राने माझ्या नावावर करा. मुलाला राहतं घर द्यायला मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये. नाहीतरी सोसायटीत नॉमिनी मीच आहे." पोरगा वाईट नाही, गोळ्यांचे पैसे न मागता पाठवतो. पण लाइन बंद केलीय असं कुणीही सांगितलं तरी अर्थिंग टाकल्याशिवाय मी कधी तारेला हात लावला नाही. म्हणून विचारतोय. मुलगी म्हणते, "तुमचं तुम्ही बघा." तेच जास्त टोचतं.

दस्तलेखक_मामा
काका, 200 चा आकडा बरोबर आहे. मुलगा, मुलगी, नातवंडं, नवरा-बायको यांना राहतं घर बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात तेवढंच शुल्क. वर स्थानिक अधिभार लागू शकतो, तो कार्यालयात विचारा.

पण गाडी त्याआधीच अडतेय. वहिनींनी मृत्युपत्र केलं होतं का? नसेल, आणि खरेदीखतात हिस्से वेगळे लिहिले नसतील, तर निम्मा फ्लॅट त्यांचा धरतात. हिंदू उत्तराधिकार कायद्याने तो निम्मा भाग तुम्ही, मुलगा आणि मुलगी यांच्यात सारखा वाटला गेला. म्हणजे प्रत्येकी एक षष्ठांश. तुमच्या हातात आता दोन तृतीयांश आहे, सगळा फ्लॅट नाही. जे तुमचं नाही ते बक्षीस कसं देणार? मुलीने तिचा हिस्सा सोडायचा तर तिने स्वतः नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायला हवं.

आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सहकारी संस्था कायद्याच्या कलम 154 ब-13 प्रमाणे वारस ठरेपर्यंत तो तात्पुरता सभासद असतो. सोसायट्यांच्या सेक्रेटरींनाही हे पटवताना घसा सुकतो.

उषा_मिरज
मामा बोलले ते कायद्याचं. मी व्यवहाराचं सांगते. बक्षीसपत्र नोंदलं की घर गेलं, मन बदललं म्हणून परत मागता येत नाही. आमच्या शेजारच्या आजींनी असंच दिलं, आता स्वतःच्याच घरात कपाटाची किल्ली मागून घ्यावी लागते. द्यायचंच असेल तर "मरेपर्यंत सांभाळ आणि राहण्याचा हक्क" ही अट दस्तातच लिहून घ्या. मग सांभाळलं नाही तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली न्यायाधिकरणाकडून दस्त रद्द करून घेता येतो. जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने असाच निकाल दिला. पण उतारवयात तारखांना कोण जाणार? त्यापेक्षा मृत्युपत्र करा, भाऊ.

अर्थिंगवाले काका
हिने मृत्युपत्र केलेलं नव्हतं. मुलाला फोन करून एक षष्ठांशाचं सांगितलं. तो आधी गप्प, मग म्हणाला, "ताईला मी सांगतो." मी म्हटलं, तू नको, मी सांगतो. मृत्युपत्राला किती खर्च येतो? स्टॅम्प पेपर लागतो का?

दस्तलेखक_मामा
लागत नाही, साधा कागद चालतो. नोंदणीही सक्तीची नाही, पण तुमच्या वयात दुय्यम निबंधकाकडे नोंदवाच, फी किरकोळ असते. जिवंत आहात तोवर कितीही वेळा बदला, शेवटचं असेल तेच खरं. फक्त "माझा फ्लॅट" असं मोघम लिहू नका, "माझा दोन तृतीयांश हिस्सा" लिहा, आणि तो कसा आला तेही. दोन साक्षीदार हवेत, दोघांनी तुम्हाला सही करताना पाहून मग स्वतः सही करायची. मुलगा-मुलीला साक्षीदार करू नका. त्याच दिवशी तुमच्या डॉक्टरकडून "शुद्धीवर आहेत, समजून सही करत आहेत" असा दाखला घेऊन जोडा. पुढे कुणी "दादांना कळत नव्हतं" म्हणालं तर तोच कामाला येतो.

अर्थिंगवाले काका
साक्षीला सोसायटीचे चेअरमन चालतील का? माझ्याहून दोन वर्षांनी मोठे आहेत.

दस्तलेखक_मामा
चालतील, पण दुसरा तरी चाळिशीतला बघा. साक्षीदार तुमच्या मागे राहायला हवा ना!