सिन्नरजवळच्या विहिरीत सापडलेले स्फटिक: ओळखायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सिन्नर तालुक्यात माझ्या मामांची विहीर आहे. या उन्हाळ्यात तिचं खोलीकरण काढलं. मुरूम संपून मांजऱ्या (बारीक पोकळ्या असलेला दगड) लागला आणि साधारण ४५ फुटांवर सुरुंगानंतर एक पोकळी उघडी पडली. आत चहूबाजूंनी स्फटिक! बरेचसे डबराबरोबर यारीने वर येऊन बांधावर पडले, थोडे मामींनी वेचून धान्याच्या कोठीत ठेवले. एक खरेदीदार येऊन "सगळं एकत्र देऊन टाका" म्हणून गेला. मामा थांबलेत, आधी आहे काय ते कळू दे म्हणतात.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. यातले काही तुकडे शाळेला मिळणार आहेत. त्यांवर चुकीचं नाव लागू नये असं मला फार वाटतं, कारण मुलं तेच नाव डोक्यात घेऊन जातात.

१) फिकट केशरी. बाजरीची पेंढी मधोमध आवळावी तसा आकार, दोन्ही टोकं फुललेली. मोडलेल्या बाजूला मोतिया चमक. स्टिल्बाइट?

२) काचेसारखा स्वच्छ, किंचित हिरवट. चौकोनी खांब, वर चार उतारांचं टोक, बाजूंवर उभ्या रेघा. अपोफिलाइट की गारगोटी?

३) पांढऱ्या सुयांचे झुबके. वाकत नाहीत, कट्कन तुटतात.

४) पोकळीच्या भिंतीला निळसर हिरवा मातकट थर. नखाने निघतो. गावात कुणी याला कॅव्हन्साइट (एक दुर्मिळ निळं खनिज) म्हणालं, तेव्हापासून सगळ्यांचं लक्ष याच्यावरच.

शिवाय नं. २ च्या बुडाशी मधाच्या रंगाचा ३-४ मिलिमीटरचा एक चकचकीत कण आहे. दोन पिरॅमिड बुडाला बूड लावून जोडावेत असा. तो कॅल्साइट धरून चालले आहे.

कृपया तपासायच्या खुणाही सांगा, नुसतं नाव नको.

खडकवाट:

ताई, वर्णन इतकं नेमकं केलंत की फोटोची उणीव भासली नाही.

नं. १ स्टिल्बाइटच. नं. २ अपोफिलाइट. गारगोटीचा खांब सहा बाजूंचा असतो आणि त्यावरच्या रेघा आडव्या असतात. अपोफिलाइटचा चौकोनी, रेघा उभ्या. तो आडवा सहज फुटतो आणि त्या सपाट पाटनावर (फुटलेल्या गुळगुळीत पृष्ठावर) मोतिया चमक दिसते. खात्री हवी असेल तर फुटक्या तुकड्यावर पोलादी पातं ओढा: याची कठिनता दहापैकी साडेचार ते पाच, त्यामुळे ओरखडा उठतो. गारगोटीची ७, तिच्यावर उठत नाही. हा झिओलाइटांबरोबर (स्टिल्बाइटसारख्या, रचनेत पाणी धरून ठेवणाऱ्या खनिजांबरोबर) सापडतो, पण स्वतः झिओलाइट नाही. त्याची पाटी वेगळी लावा.

नं. ३ बहुधा स्कोलेसाइट. मेसोलाइट आणि नॅट्रोलाइटच्याही अशाच सुया असतात. नुसत्या डोळ्यांनी फरक करता येत नाही, क्ष-किरण विवर्तनासारखी प्रयोगशाळेतली तपासणीच लागते. चिठ्ठीवर नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवा, मुलांनाही ते कळू दे. ओकेनाइट मात्र नाही, त्याचे तंतू वाकतात.

नं. ४ कॅव्हन्साइट नव्हे. ते खनिज १९६७ साली अमेरिकेत ओरेगनमध्ये प्रथम सापडलं, पण जगातले सर्वांत देखणे नमुने आपल्या पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतले. ते गर्द निळं असतं आणि बारीक स्फटिकांचे गुच्छ बहुतेकदा स्टिल्बाइटवर बसलेले असतात. तुमचा थर सेलॅडोनाइट, म्हणजे एक हिरवं मातकट खनिज, असणार. पोकळीच्या भिंतीवर आधी तो बसतो, मग त्यावर बाकीचे वाढतात. थर, स्टिल्बाइट, अपोफिलाइट हे सगळं एकाच तुकड्यात टिकलं असेल तर तो तुकडा फोडू नका. कोण आधी, कोण नंतर हे त्यात वाचता येतं, आणि शाळेसाठी माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा.

आता तो मधाचा कण. दोन पिरॅमिडांचा तो आकार बघता हे पॉवेलाइट असू शकतं, म्हणजे कॅल्शियम मॉलिब्डेट. खरंच दुर्मिळ, आणि नाशिक परिसर त्यासाठी नावाजलेला आहे. लघुलहरी अतिनील दिव्याखाली ते पिवळसर झळकतं. आम्लाचा थेंब अजिबात नको: कॅल्साइट फसफसून ओळख देईल, पण पॉवेलाइट असेल तर खराब होईल, खालचं अपोफिलाइटही.

गोदाकाठ:

सिन्नरलाच गारगोटी संग्रहालय आहे. नमुने शेजारी ठेवून बघायला याहून जवळची जागा नाही. आणि प्रत्येक तुकड्याबरोबर गाव, विहीर, खोली, तारीख लिहून ठेवा. ठिकाण हरवलं की नमुन्याचं अर्धं मोल गेलं.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. पात्याची खूण जुळली, नं. २ वर ओरखडा उठला. थर असलेला तुकडा मामांनी शाळेसाठी बाजूला काढला आहे.

दुकानात नोटा तपासायला असते तशी बत्ती मिळाली, पण ती दीर्घलहरी निघाली. तिच्याखाली कण किंचित पिवळट वाटला, त्यावरून ठरवायला मन धजत नाही. नाशिक-सिन्नर भागात कुणाच्या महाविद्यालयात भूशास्त्र विभागाकडे लघुलहरी दिवा आहे का? नमुना घेऊन मी कुठल्याही रविवारी येऊ शकते.