रिकाम्या खुर्च्या आणि रात्रभर चालू मॉनिटर

बांधावरचा (मूळ धागा)
परवा घराची किल्ली ड्रॉवरमध्ये राहिली म्हणून रात्री साडेनऊला ऑफिसात परत गेलो. दिवे बंद, एसी बंद, मॉनिटर मात्र साठच्या साठ चालू. कंपनीचा लोगो पडद्यांवर इकडून तिकडे फिरतोय आणि निळा उजेड रिकाम्या खुर्च्यांवर पडलाय. चोवीस इंची मॉनिटरला साधारण २५ वॉट लागतात. साठांचे झाले १५००, म्हणजे दीड टनाचा एक एसी चालू ठेवून घरी जाण्यासारखंच. संध्याकाळी सात ते सकाळी नऊ धरले तर एका रात्रीत २१ युनिट! गावाकडे आमच्या घराला महिन्याला साठ-सत्तर युनिट लागतात. निघताना एक बटण दाबायला काय हरकत आहे?

हिशोबी
साफ असहमत. आकडे बरोबर आहेत, रोख चुकतोय. दिवसभर एसी २० वर लावून लोक स्वेटर घालून बसतात, तिथे खरी वीज जाते. बटण दाबलं की माणसाला वाटतं आपलं कर्तव्य झालं, आणि मोठ्या खर्चाकडे कुणी बघत नाही.

बांधावरचा
एसीचं सोळा आणे मान्य. पण त्याचा रिमोट ॲडमिनकडे असतो, मॉनिटरचं बटण माझ्या हाताशी आहे.

रात्रपाळी
आमच्याकडे रात्री अपडेट चालतात, मशीन बंद करता येत नाही.

वायरमन
मशीन चालू राहू द्या. मॉनिटर बंद केल्याने अपडेट थांबत नाही. आणि तो फिरणारा लोगो आधी काढा. स्क्रीनसेव्हर जुन्या, जाड काचेच्या मॉनिटरसाठी होता; एकच चित्र तासन्‌तास राहिलं की काचेच्या आतल्या, उजेड देणाऱ्या फॉस्फरच्या थरावर त्याचा कायमचा डाग पडायचा. आताच्या एलसीडीत पडद्यामागचा बॅकलाइट जळतच राहतो, चित्र काळं असलं तरी. दहा मिनिटांनी स्लीप होईल अशी सेटिंग करा. स्लीपमध्ये चांगला मॉनिटर अर्ध्या वॉटवर येतो. बटण लक्षात ठेवायची गरजच नाही.

हिशोबी
हे पटलं. पण गावाचा दाखला मला पटत नाही. रात्री मागणी तशीही कमी असते. तुमचे २१ युनिट वाचले म्हणून शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणार नाही.

बांधावरचा
नाही मिळणार, कबूल. माझे वडील अजूनही रात्रीच्या पाळीला बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जातात. मागच्या पावसाळ्यात स्टार्टरच्या पेटीत साप निघाला होता. माझ्या बटणाने त्यांची पाळी दिवसाची होणार नाही. पण रात्रीची ती वीज कुणाच्या जिवावर बेतते हे बघितलंय, म्हणून रिकाम्या खुर्चीसमोर जळताना बघवत नाही. वायरमन यांनी सांगितलेल्या सेटिंगसाठी आज आयटीला मेल केला. सध्या आमच्या रांगेतल्या बारा मशीनना लावून देतो म्हणाले.

हिशोबी
मग ॲडमिनलाही एक मेल जाऊ द्या: एसी २४ वर. तो गेला की माझा विरोध संपला.